देव्हाऱ्यातला पंप

ताईचा दम मला आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. पांढुर्ण्याच्या आमच्या घरात तीन खोल्या एका ओळीत होत्या, आणि मधल्या खोलीत आम्ही दोघी बहिणी एकाच दिवाणावर झोपायचो. सकाळी स्टेशनात मालगाडी थांबताना तिच्या चाकांचा लांब, किरकिरता आवाज यायचा. तसाच पण अगदी बारीक आवाज माझ्या शेजारून येत असायचा. गाडी निघून जायची, हा आवाज राहायचा. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "शालू, बहिणीची शिटी वाजून राहिली का वं?" आणि मी डोळे न उघडता सांगायचे, "बारीक वाजून राहिली." बारीक वाजली की आलं-तुळशीचा काढा. मोठी वाजली की बाबा सायकल काढायचे आणि शाळेत शिकवायला जाण्याआधी कंपाउंडरला घरी घेऊन यायचे. त्या दिवशी भाजीला फोडणी पडायची नाही, कारण मिरचीचा ठसका ताईला सोसत नसे. आम्ही सगळे वरण-भात आणि ज्वारीची भाकर गुपचूप खायचो. फोडणीचा चर्र आवाज आला म्हणजे ताई बरी आहे, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. अजूनही कुणाच्या घरी तो आवाज ऐकला की मला उगाच हलकं वाटतं.

कुंदाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी पुस्तकात तोंड खुपसून बसणारी, ती बोलकी. फक्त बोलायला लागणारी हवा तिच्याकडे बेताची असायची, म्हणून ती थोडक्यात बोलायची आणि ते नेमकं लागायचं. दम लागून उशीवर ओणवी बसलेली असतानासुद्धा शेजारच्या बायका विचारायला आल्या की म्हणायची, "काही नाही काकू, माह्या छातीत गोटमार चालू आहे. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव. झेंडा कोनाच्याच हाती लागून नाही राहिला." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड चालतात. ते बघतच वाढलेल्या त्या बायका खो खो हसायच्या. ताईही हसायची, हसण्यानं तिला खोकला यायचा, मग आई सगळ्यांना हाकलून द्यायची.

ताईला जाऊन आता पाच महिने होतील. घरात मी एकटी आहे. रोज थोडं लिहिते, कधी चार ओळी, कधी तेवढ्याही नाही. तिचं सगळं आयुष्य लिहायचं नाही. ते एक वर्ष तेवढं मला नीट लावून ठेवायचं आहे, कारण इतकी वर्षं ते माझ्या डोक्यात उलटसुलट पडलेलं आहे.

बाबांच्या शाळेतल्या कुणीतरी सौसरच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं, तिथून हे सुरू झालं. आम्ही बसनं गेलो. रामाकोन्याहून मामा सौसरच्या स्टँडवर आला होता. त्याची संत्र्याची बाग होती, आणि आईचा असा समज होता की मामा सोबत असला की डॉक्टर नीट लक्ष देतात. डॉक्टरांनी ताईची छाती बराच वेळ ऐकली. मग टेबलावर दोन पंप ठेवले, एक निळा आणि एक चॉकलेटी. निळा दम लागला की घ्यायचा, लगेच मोकळं वाटतं. चॉकलेटी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, चांगलं वाटत असेल तरी. "चांगलं वाटून राहिलं असेल तरी?" आईनं विचारलं. "हो, तरीही," डॉक्टर म्हणाले, "ये स्टेरॉइड है, पण घाबरू नका, थेट छातीत जाते, बाकी अंगाला फार कमी लागते." एवढ्यात बाहेर कुणाचं तरी मूल रडायला लागलं आणि आमचा नंबर संपला. बाबांनी सगळं वहीत लिहून घेतलं होतं. पण बाबा लिहून घेत आणि घर आई चालवत असे.

घरी आल्यावर आईनं चॉकलेटी पंपाचा खोका उघडला. आत घडी घालून ठेवलेला एक कागद होता, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला, सगळा इंग्रजीत. "वाच वं शालू," आई म्हणाली. मी नववीत होते, वर्गात इंग्रजीत पहिली. शब्दकोश मांडीवर घेऊन मी चढत्या आवाजात वाचायला बसले. कशासाठी, किती वेळा, हे सांगून झालं. मग दुष्परिणामांची यादी आली. ती मला सगळ्यात रंगतदार वाटली, कारण तिच्यात शब्द कठीण होते. घशात बुरशी. आवाज घोगरा. जास्त मात्रा फार दिवस घेतली तर चेहऱ्यावर सूज, वाढ खुंटणं, हाडं ठिसूळ होणं. प्रत्येक शब्द मी शोधून, त्याचा मराठी अर्थ लावून, आईला ऐकवला. मला कौतुक हवं होतं. आईचा चेहरा उतरत चालला होता ते मला दिसत होतं, आणि तरी मी थांबले नाही.

"बस कर," ती शेवटी म्हणाली. "हाडं? लग्नाच्या पोरीचे हाडं?"

"आई, मागच्या बाजूला अजून आहे."

"राहू दे मागचं. समोरचंच पुरे झालं मले."

तिनं कागदाची घडी घातली, पंप परत खोक्यात ठेवला आणि खोका नेऊन देव्हाऱ्यात ठेवला, अन्नपूर्णेच्या मागे. आमच्या घराची ती रीतच होती. जी वस्तू जपून वापरायची, जिला फार मोठी ताकद आहे असं वाटायचं, ती देवापाशी जायची. बाबांच्या बदलीचा हिंदीतला कागद तिथे होता, मामानं दिलेली सरकीच्या नव्या बियाण्याची पुडी होती, माझं परीक्षेचं प्रवेशपत्र पेपरच्या सकाळपर्यंत तिथेच असे. आईचं म्हणणं सरळ होतं. एवढं जबर औषध रोज घेऊन अंगाला सवय कशाला लावायची? छोट्या दमाला निळा आहे. मोठा दम आला की हा काढू. डॉक्टरांच्या दोन पंपांचे तिनं लहान आणि मोठा असे दोन पंप केले. बाबा एकदा म्हणाले, "डॉक्टरनं रोज सांगितलं होतं." आई म्हणाली, "डॉक्टरले काय, पोरगी उजवायची आपल्याले आहे." बाबांनी वर्तमानपत्र उघडलं.

आणि ताई बरी झाली. हेच ते न कळणारं. त्या हिवाळ्यात, जेव्हा दरवर्षी तिची छाती भरायची, तेव्हा शिटी बारीक होत होत थांबली. संक्रांतीला तिनं स्वतः तिळाचे लाडू वळले. होळीच्या धुरातही ती ओट्यावर उभी राहिली. निळा पंप आठवड्यातून एखाद्या वेळी निघायचा. आई आल्यागेल्याला सांगायची, "देवाच्या कृपेनं पोरीचा दमाच गेला. तो मोठा पंप आनला तं खरा, हात नाही लावला आम्ही त्याले." मुलाकडचे दोन जण बघून गेले, त्यांनाही तिनं हेच सांगितलं. ताई पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. मला वाटलं लाजते आहे.

त्या दिवसांत ताईचं देवाकडे लक्ष फार वाढलं होतं. सकाळची पूजा आईकडून तिनं मागून घेतली. संध्याकाळचा दिवाही तीच लावायची. देव्हारा आतल्या खोलीच्या कोपऱ्यात होता आणि पूजेला बसली की तिची पाठ आमच्याकडे असायची. पूजा झाली की ती मागच्या दारी मोरीशी जाऊन खळखळून चूळ भरायची, तुळशीला पाणी घालायची आणि मग चहा घ्यायची. "पूजेच्या आधी चूळ भरतेत वं, नंतर नाही," आई एकदा म्हणाली. ताई म्हणाली, "माह्या देवाले चालते." मी तिला भक्तीण म्हणून चिडवायचे. ती माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. उत्तर न देणं हा तिचा स्वभाव नव्हता. हे मला आज लिहिताना जाणवतं आहे. तेव्हा जाणवलं नव्हतं.

श्रावण लागला, हवा ओली झाली आणि शिटी परत आली. आधी पहाटे, मग दिवसाही. निळा पंप रोज, मग दिवसातून तीनदा-चारदा. ताई चिडकी झाली. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "आई, सौसरले जाऊन यायचं का एकदा?"

"कायले? वर्षभर तं चांगली होतीस."

"म्हणूनच."

"म्हनूनच म्हंजे?"

ताई देठ मोडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "काही नाही." मी समोरच बसले होते, मांडीवर पुस्तक घेऊन. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी पुढे कितीतरी वेळा आठवून पाहिलं आहे. तिला मी काही बोलावं असं वाटत होतं, की मी बोलू नये असं, हे मला कधी ठरवता आलं नाही.

पोळ्याला मामा रामाकोन्याहून मेटाडोर घेऊन आला. हाच मेटाडोर मोसमात संत्री वाहायचा. त्या दिवशी त्यात रिकामी खोकी होती आणि आत अजून सालींचा वास होता. पुरणपोळ्या झाल्या, वडे झाले, बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीतून संध्याकाळपर्यंत येत राहिला. ताई पंख्याखाली बसून होती, पुरणाला तिनं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकडून ढोलांचा आणि हजारो माणसांच्या ओरडण्याचा आवाज यायला लागला. आमचं घर गावाच्या या टोकाला, सौसरच्या रस्त्यावर. आवाज वाऱ्याबरोबर कमी-जास्त व्हायचा. झेंड्याच्या दिशेनं कुणी सरकलं की एकदम गलका उठायचा. अशाच एका गलक्यानंतर मला जाणवलं की शेजारून येणारी शिटी थांबली आहे. मी हसून ताईकडे वळले. ती दोन्ही हात दिवाणावर टेकून बसली होती, खांदे कानांपर्यंत चढले होते, गळ्याशी खड्डा पडत होता आणि आवाज अजिबात येत नव्हता. शिटी वाजायलासुद्धा हवा लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

आईनं निळा पंप सकाळपासून काढून घेतला होता. फार झाला, आता छाती धडधडेल, म्हणून तो तिनं लुगड्याच्या केळात, कमरेला खोचून ठेवला होता. आता ती देव्हाऱ्याकडे धावली. अन्नपूर्णेमागचा खोका काढला, पंपाला नमस्कार केला. मी हे वाढवून लिहीत नाही, तिनं खरोखर कपाळाला लावला. "घे बाप्पा, मोठा घे," ती म्हणाली. ताईनं मान हलवली, नाही. "हट्ट नको करू कुंदा!" आईनं तिचं तोंड धरून पंप दाबला. बारीकसं फुस्स झालं. परत दाबला. ताई मान हलवतच राहिली आणि आईच्या कमरेकडे बोट दाखवू लागली. बाबा म्हणत होते, "तिला नको आहे, जबरदस्ती करू नको." आई म्हणत होती, "हेच वाचवेल तिले, हेच." आणि मला, यादी वाचलेल्या मला, फक्त एवढंच सुचत होतं की हाडं, सूज, बुरशी. ते बोट काय सांगतं आहे हे मला कळलं नाही.

मामानं वाद संपवला. "गावात गाडी घुसत नाही आज. सौसर. उचला पोट्टीले." बाबांनी तिला उचलून मेटाडोरमध्ये मागे बसवलं, खोक्यांना टेकवून. आई एका बाजूला, मी दुसऱ्या. गाडी गाव सोडून निघाली तसे ढोल मागे पडले आणि मग एकदम ताईनं हात घालून आईच्या कमरेचा निळा पंप ओढून काढला. तिचे ओठ जांभळे झाले होते. एकदा दाबला, थांबली, परत दाबला. आई रडत होती, "लय होते वं तो, लय होते." ताईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं, खूप दुरून आल्यासारखी, शिटी ऐकू आली. त्या आवाजाला मी देवाचं नाव दिलं असतं. सौसर येईपर्यंत मी तेवढंच ऐकत होते, आहे, आहे, आहे.

सौसरला डॉक्टरांनी ऑक्सिजनचा मास्क लावला आणि एकामागून एक दोन इंजेक्शनं दिली. अर्ध्या तासानं तिचे खांदे खाली आले. मग त्यांनी विचारलं, घरी काय दिलं. आईनं पदराखालून चॉकलेटी पंप काढला. "हा दिला साहेब. मोठा वाला. देवापाशी जपून ठेवला होता, वर्षभर हात नाही लावला."

डॉक्टरांनी पंपातली धातूची नळी काढली, कानाशी हलवली, आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात टाकली. त्या वेळी तसं करायची पद्धत होती. भरलेली नळी बुडते, रिकामी तरंगते. आमची नळी वर आली आणि आडवी होऊन तरंगत राहिली.

"हा तर रिकामा आहे," डॉक्टर म्हणाले.

"असा कसा रिकामा? एक डाव नाही वापरला, आज दोन डाव दाबला तेवढाच!"

"मावशी, हा बहुत दिवस झाले संपला आहे."

आईनं बाबांकडे बघितलं, बाबांनी मामाकडे. मी ताईकडे बघितलं. मास्कच्या वर तिचे डोळे उघडे होते. तिनं ते मिटून घेतले.

मग डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आईला समजवायचा प्रयत्न केला. निळ्यानं श्वासनळी उघडते. चॉकलेटी आतली सूज कमी करतो, पण हळूहळू, रोज घेतला तर. ऐन दमात तो देऊन उपयोग नाही. आता दिलेलं दुसरं इंजेक्शन त्याच जातीचं आहे, पण तेही चार-सहा घंट्यांनी गुण दाखवेल. आईचा गोंधळ वाढतच गेला. "ज्याचा उपयोग नाही म्हनता, तेच सुईनं दिलं?" ती म्हणाली. शेवटी मामा दारातून म्हणाला, "अवं बाई, संत्र्याले बोर्डोपेस्ट लावतो ना आपन? मोरचूद अन् चुना. पावसाळ्याच्या आधी, झाड हिरवंगार असते तवाच बुडाले लावा लागते. डिंक निंगाल्यावर कितीही थाप. तसं आहे हे." आई संत्र्याच्या बागेत वाढलेली. मग हळूच म्हणाली, "मंग असं सांगाव ना बाप्पा आधीच." डॉक्टरांनी नवा पंप लिहून दिला. निघताना म्हणाले, "आणि प्रत्येक वेळी घेतल्यावर चूळ भरायची. हे मागच्या वेळी सांगायचं राहून गेलं." खाटेवरून ताईनं मान हलवली, हो.

त्या दिवसापासून मरेपर्यंत आईनं रोज सकाळ-संध्याकाळ तो पंप स्वतः ताईच्या हातात दिला. रिकाम्या नळीबद्दल घरात कुणीच कधी बोललं नाही. मुलाकडच्यांचा निरोप आला नाही. ताई पुढे शिक्षिका झाली, मीही झाले, दोघी याच घरात राहिलो. मी एकदाच तिला विचारलं, आई गेल्यानंतर, आमचे दोघींचे केस पांढरे व्हायला लागले होते तेव्हा. "ताई, तेव्हा तू चोरून घेत होतीस ना गं?" ती म्हणाली, "तुझं पुस्तक मिट अन् चहा टाक." मी चहा टाकला. परत विचारलं नाही. मला भीती होती की ती हो म्हणेल, आणि मग मला विचारावं लागेल की मला का नाही सांगितलं. त्याचं उत्तर मला माहीत होतं. यादी मी वाचली होती.

ती गेल्यावर मी पुस्तकं मागवली. आता त्यांतलं थोडं समजतं. श्वासनळीच्या अस्तरात काही पेशी असतात. धूळ, बुरशी, धूर आत आला की त्या रसायनं सोडतात. ती रसायनं दुसऱ्या पेशींना बोलावून आणतात, त्या आणखी सोडतात, आणि त्यानं अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो, नळी आवळते. दम्याच्या माणसाचं हे बोलावणं पुरतं थांबत नाही, तो बरा दिसतो तेव्हाही आत मंद चालू असतं. स्टेरॉइड पेशीच्या केंद्रापर्यंत जातं आणि ती रसायनं तयार करण्याचा हुकूमच कमी करतं. आधी सुटलेल्यांचं त्याला फारसं काही करता येत नाही, म्हणून गुण यायला वेळ लागतो. आणि बंद केलं तर त्या दिवशी काहीच होत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. हुकूम हळूहळू परत निघू लागतात. तो श्रावण मी या ओळींवर ठेवून पाहिला तर बरोबर बसतो. पंप संपला, काही दिवस काही झालं नाही, मग शिटी. आणि नवा मागायचा तर आधीचा कुणी संपवला हे सांगावं लागलं असतं.

पण बसतं तेवढ्यात सुटतंही. ताईवर नागपूरला उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी ग्लासातल्या नळीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "पाण्याची ती परीक्षा खरी नसते हो मावशी. त्यावर विसंबू नये असं आता सांगतात." म्हणजे नळीत औषध असेलही? म्हणजे ताईनं हातही लावला नसेल, आणि तो बरा हिवाळा आपोआपच आला असेल? इतकी वर्षं ज्या ग्लासावर मी सगळं मांडून ठेवलं होतं, तोच हलला. आणि दुसरं असं. ताई गेली ती दम्यानं नाही. अंगणात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, खाटेला खिळली आणि छातीत कफ भरला. हाडं फार ठिसूळ होती म्हणाले. मी विचारलं, स्टेरॉइडमुळे? "असू शकतं. वयामुळेही असू शकतं. मधूनमधून गोळ्यांचे कोर्स झाले, त्यानंही. सांगता येत नाही." नववीतल्या मुलीनं वाचलेली यादी मला शब्द न् शब्द आठवली. ते औषध नसतं तर ताई मला इतकी वर्षं मिळाली नसती, हे खरं. त्यानंच हाडं नेली असतील, हेही कदाचित खरं. दोन्ही एकदम धरून ठेवायला मला जमत नाही. एक धरलं की दुसरं निसटतं.

ती गेली त्या दिवशी तिचा शेवटचा पंप खोक्यासकट उशाशी होता. आजकालच्या पंपाला मागे आकडा असतो, किती उरले ते दाखवणारा. लोक येत-जात होते, पंप कुणी टाकून देईल म्हणून मी तो उचलला आणि नकळत देव्हाऱ्यात ठेवला, अन्नपूर्णेच्या मागे. किती दिवस मला ते लक्षातही आलं नाही.

मागच्या आठवड्यात देव घासताना तो हाती आला. खोक्यात कागद होता, तसाच, मुंगीएवढ्या अक्षरांचा. मी चष्मा लावून पुढची बाजू वाचली. मग आयुष्यात पहिल्यांदा कागद उलटला. मागे लिहिलं होतं की अचानक आलेल्या दमासाठी हे औषध नाही. बरं वाटलं तरी बंद करू नये. आणि खाली, प्रत्येक वेळी घेतल्यानंतर चूळ भरावी.

मी तिथेच पाटावर बसून राहिले. पूजेच्या नंतरची ती चूळ मला स्पष्ट ऐकू आली, मोरीवर पडणारं पाणी, मागोमाग तुळशीच्या कुंडीत पडणारं. तो हिवाळा होता. डॉक्टरांनी चूळ भरायला सांगितलं ते पुढच्या पोळ्यानंतर. आमच्या घरात तेव्हा ती गोष्ट एकाच जागी लिहिलेली होती, आणि तो कागद देव्हाऱ्यातल्या खोक्यात होता. मी जिथे वाचायचं थांबले, तिथून पुढे ताईनं वाचलं होतं. शब्दकोश माझ्याच टेबलावर असायचा.

बाकीचं मला अजून कळलेलं नाही. काल सकाळी मी पंप देव्हाऱ्यातून काढला आणि दिवाणावर तिच्या उशाशी, रोज असायचा तिथे ठेवला. शेजारी कागद ठेवला, मागची बाजू वर करून.